थांबायचं कुठं, निघायचं कधी: श्रीनगर–लेह रस्त्याचा कानमंत्र

पोरी, तू आणि जावईबापू स्वतःची गाडी घेऊन श्रीनगरहून लेहला निघालाय, आणि आक्कांना अन् छोट्यालाही बरोबर नेताय, हे ऐकून मला फार बरं वाटलं. या रस्त्यावर सैन्याच्या गाड्या चालवण्यात माझं तारुण्य गेलं. मला तो माझ्या उस्तादांनी शिकवला, त्यांना त्यांच्या उस्तादांनी. आता तुझी पाळी. श्रीनगरपर्यंतचं तुला सांगायला नको, खंबाटकीच्या आणि वरंध्याच्या घाटात तुझा हात चांगला बसलाय. पुढचं मात्र नीट ऐक.

या रस्त्यावर गाडी हाकणं फार अवघड नाही. बरोबर वेळेला निघणं आणि बरोबर जागी थांबणं हे अवघड आहे. तिथं जे अपघात होतात आणि जी माणसं आजारी पडतात, त्यांतली बरीचशी घाईमुळं. म्हणून माझं निम्मं सांगणं थांबण्याबद्दलच आहे.

१. आधी रस्ता समजून घे

श्रीनगर ते लेह हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १. जुने ड्रायव्हर अजून त्याला ‘वन-डी’ म्हणतात. लांबी साधारण सव्वाचारशे किलोमीटर. एवढं अंतर आपण इकडं एका दिवसात कापतो, पण तो हिशेब तिथं लावू नकोस. वाटेत तीन खिंडी लागतात: झोजिला ३,५२८ मीटर, नामिकाला सुमारे ३,७०० मीटर आणि फोटूला ४,१०८ मीटर. तिघींत झोजिला सगळ्यात बुटकी, आणि तीच सगळ्यात अवघड. काश्मीरकडून चढणारे ढग आपलं बर्फ आणि पाऊस तिच्यावरच टाकून मोकळे होतात. पलीकडचं लडाख कोरडं राहतं, म्हणून नामिकाला आणि फोटूलावर उंची जास्त असूनही रस्ता उघडा आणि चांगला मिळतो. झोजिला काश्मीरच्या अंगाला कड्यासारखी उभी आहे आणि लडाखच्या अंगाला जवळजवळ सपाट. म्हणजे खरी परीक्षा सोनमर्गच्या पुढच्या थोड्याच किलोमीटरांत आहे. तेवढ्यासाठी शांत डोकं शिल्लक ठेव.

श्रीनगर ही जम्मू-काश्मीरची उन्हाळी राजधानी आणि लडाख त्याच राज्याचा दूरचा डोंगराळ मुलूख, अशी ही जोडी कित्येक वर्षं होती. ३१ ऑक्टोबर २०१९ पासून लडाख वेगळा केंद्रशासित प्रदेश झाला. पण तिथल्या माणसांचा भाजीपाला, सिलिंडर, सिमेंट, औषधं अजूनही मोठ्या प्रमाणात याच रस्त्यानं जातात. तुझ्यापुढं ट्रक रांगेत असेल तेव्हा हे लक्षात ठेव. तू सहलीला चालली आहेस, तो कुणाचा तरी हिवाळ्याचा शिधा घेऊन चाललाय.

२. महिना विचारपूर्वक निवड

पूर्वी झोजिला वर्षातले पाच-सहा महिने बंद असायची. आता सीमा सडक संघटनेची माणसं आणि यंत्रं तो काळ फार कमी करून दाखवतात. २०२५ साली खिंड अवघ्या ३२ दिवसांत, १ एप्रिलला, पुन्हा उघडली. पण उघडली म्हणजे सहलीला तयार झाली असं समजू नकोस. एप्रिल-मे मध्ये दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती असतात, ऊन चढलं की त्या वितळतात, रस्त्याचा चिखल होतो आणि वरून हिमकडा सुटण्याचं भय असतं. आपल्याकडच्या शाळांना नेमकी तेव्हाच सुट्टी असते. तरी म्हातारं माणूस आणि लहान मूल बरोबर असताना मे महिन्यात जाऊ नकोस.

जुलै-ऑगस्टमध्ये बालटालवरून अमरनाथची यात्रा चालते. सोनमर्गपर्यंत गर्दी, तपासणी, ठरावीक वेळेला सुटणारे यात्रेचे ताफे, त्यात ढगफुटीची आणि दरडींची भीती. जून चालेल. पण सगळ्यात चांगला सप्टेंबर. यात्रा संपलेली असते, नाल्यांचं पाणी उतरलेलं असतं, हवा स्वच्छ असते. गणपती लवकर असतील तर विसर्जन करूनच निघ. फक्त त्या दिवसांत पहाटे सावलीतल्या वळणांवर पाण्याचा पातळ बर्फ धरतो. तो डोळ्यांना ओल्या डांबरासारखाच दिसतो. अशा जागी ब्रेक दाबायचा नाही, स्टिअरिंगला झटका द्यायचा नाही. आधीच वेग कमी करून गाडी तशीच पुढं जाऊ द्यायची.

३. मुक्काम गावावरून नव्हे, उंचीवरून ठरव

हा माझा सगळ्यात महत्त्वाचा कानमंत्र. लेह ३,५०० मीटरवर आहे. तिथं हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यावरच्या दाबाच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायू त्याच प्रमाणात कमी. शरीर याची सवय करून घेतं, पण त्याला रात्री लागतात. दिवसा उंच खिंड ओलांडून खाली उतरलं तर बहुतेकांना फारसं बाधत नाही. आपण झोपतो कुठं, ते महत्त्वाचं.

म्हणून मुक्काम असे लाव. श्रीनगर १,६०० मीटरच्या आसपास, तिथं पहिला मुक्काम. दुसरा सोनमर्गला, साधारण २,७०० मीटरवर. तिसऱ्या दिवशी झोजिला ओलांडून कारगिल गाठ, तेही २,७०० मीटरच्याच आसपास. म्हणजे वाटेत खिंड ओलांडली, तरी सलग दोन रात्री शरीर एकाच उंचीवर झोपलं. त्यानंतर लोक कारगिलहून थेट लेह गाठतात. तू तसं करू नकोस. चौथा मुक्काम सिंधूच्या काठी आलचीला कर, ३,१०० मीटरच्या आसपास. तिथला जुना मठ आणि त्यातली भिंतीवरची चित्रं फार सुंदर आहेत, आक्का खूश होतील. पाचव्या दिवशी आरामात लेह. सैन्यातसुद्धा मैदानातून आलेल्या जवानाला या उंचीवर सहा दिवस सवय करून देतात. पहिले दोन दिवस नुसती विश्रांती, मग हळूहळू चालणं. वीस वर्षांचा पैलवान गडी असला तरी हाच नियम. मग आपण कोण?

द्रासला जेवायला थांब, झोपायला नको. ते ३,२०० मीटरच्या वर आहे आणि श्रीनगरहून आल्या-आल्या तिथं पाठ टेकली की रात्रभर डोकं ठणकतं. लामायुरूचंही तेच. ते जवळजवळ लेहच्या उंचीवर आहे. मठ बघायचा, चहा घ्यायचा आणि खाली उतरायचं.

विमानानं किंवा मनालीहून जाणाऱ्यांना ही सोय नाही. मनालीच्या रस्त्यावर पाच हजार मीटरच्या वरच्या खिंडी लागतात आणि मधले मुक्कामही उंचावर. श्रीनगरचा रस्ता माणसाला पायरी-पायरीनं वर नेतो. म्हणून घरातली वडीलधारी माणसं बरोबर असतील तर याच वाटेनं जावं, असं मी सगळ्यांना सांगतो.

४. गाडीची तयारी

नवे टायर नकोत आणि झिजलेलेही नकोत. थोडे चाललेले, पण खोल नक्षीचे हवेत. स्टेपनी तपासून घे. पुढचे-मागचे ब्रेक पॅड, क्लच, बॅटरी आणि वायपर पुण्यातच बघून घे. रेडिएटरमध्ये साधं पाणी नको, कंपनीनं सांगितलेलं कूलंट भर. रात्री पारा शून्याखाली गेला तर साधं पाणी गोठतं आणि रेडिएटर फुटतो. बरोबर ओढायचा दोर, हवा भरायचा पंप, पंक्चरचं सामान, छोटं फावडं, टॉर्च आणि हातमोजे ठेव. श्रीनगर किंवा कंगनला टाकी भरायची, कारगिलला पुन्हा भरायची. मध्ये मिळेल यावर विसंबू नकोस.

उंचीवर इंजिनाचा दम कमी होतो, हे गाडीचं दुखणं नव्हे. एक गिअर खाली घ्यायचा आणि सावकाश चढायचं. चढावर अर्धा क्लच दाबून गाडी धरून ठेवायची सवय असेल तर ती आत्ताच मोड. झोजिलाच्या रांगेत त्याच सवयीनं क्लच प्लेट जळतात. थांबलीस की हँडब्रेक, सुटायच्या वेळी क्लच. इंजिन तापलं तर गाडी मोकळ्या जागी उभी कर, बॉनेट उघड, पण रेडिएटरचं झाकण लगेच उघडू नकोस. उकळतं पाणी तोंडावर येतं.

आणि हे कुणी सांगत नाही म्हणून मी सांगतो. चढावर गाडी उभी करताना चाकामागं दगड लावलास, तर निघताना तो उचलून रस्त्याच्या कडेला टाकून दे. मागून अंधारात येणाऱ्या मोटारसायकलवाल्याचा जीव त्या एका दगडावर असतो.

आपल्याकडचं प्रीपेड सिम तिकडं चालत नाही, म्हणून दोघांपैकी एकाचं तरी पोस्टपेड करून घे. नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेव. गाडी स्वतःची आहे हे बरंच झालं. बाहेरून भाड्यानं आणलेल्या, स्वतः चालवायच्या गाड्यांना लडाखमधले टॅक्सीवाले फिरू देत नाहीत. त्यांचं पोट त्यावर आहे.

५. झोजिलाची आदली संध्याकाळ

गगनगीर ते सोनमर्ग हा साडेसहा किलोमीटरचा बोगदा १३ जानेवारी २०२५ रोजी सुरू झाला. त्यामुळं सोनमर्गपर्यंत आता निश्चिंतीनं जाता येतं. पुढं झोजिलाच्या पोटातून सुमारे तेरा किलोमीटरचा बोगदा खोदण्याचं काम चालू आहे. तो होईपर्यंत खिंड वरूनच ओलांडायची.

सोनमर्गला पोचलीस की पहिलं काम, उद्याची वाहतूक कशी सोडणार ते विचारणं. पुष्कळदा एका वेळी एकाच दिशेनं गाड्या सोडतात, आणि छोट्या गाड्यांची अन् ट्रकची वेळ वेगळी असते. वाहतूक पोलिस आदल्या संध्याकाळी सूचना काढतात. ती वाच, आणि शिवाय नाक्यावरच्या पोलिसाला आणि उलट दिशेनं आलेल्या ट्रकवाल्याला विचार. रस्त्याची सगळ्यात ताजी बातमी त्याच्याकडं असते.

सकाळी पहिल्या सोडणीत निघ. याला कारण आहे. रात्रभर थंडीनं बर्फ आणि माती बांधलेली असते, नाल्यांना पाणी कमी असतं. ऊन चढलं की वरचं बर्फ वितळतं, नाले फुगतात, दगड सुटतात. सकाळी सातला घोट्याइतकं असलेलं पाणी दुपारी तीनला गुडघ्यावर आलेलं असतं. पोलिस थांबा म्हणाले तर थांबायचं. ओळख सांगायची नाही, हुज्जत घालायची नाही. रात्री पाऊस झाला असेल तर सोनमर्गला आणखी एक दिवस राहा. त्या एका दिवसाची सोय आत्ताच, सुट्टी मांडतानाच, करून ठेव. ज्याच्याकडं राखीव दिवस नसतो, तोच पावसात खिंड चढतो.

६. झोजिलावर

गाडीतली गाणी बंद. काचा थोड्या खाली, म्हणजे दगड घरंगळल्याचा, पुढच्या हॉर्नचा आवाज ऐकू येतो. जावईबापूंनी पुढं बसून वरच्या उतारावर लक्ष ठेवायचं, तू फक्त रस्त्यावर. मागं आक्का आणि छोट्या डोंगराच्या अंगाला बसले तर त्यांना दरी कमी दिसेल आणि जीव शांत राहील.

चढणाऱ्या गाडीचा हक्क पहिला, उतरणाऱ्यानं थांबायचं, हा घाटाचा कायदा आहे. पण समोर भरलेला ट्रक आला आणि तुझ्यामागं रुंद जागा असेल, तर हक्क सोडून दे आणि मागं घे. छोट्या गाडीला मागं जाणं सोपं असतं. मागं घेताना जावईबापूंनी उतरून डोंगराच्या बाजूला उभं राहून हात दाखवायचा, गाडीच्या मागं उभं राहायचं नाही. बाहेरच्या कडेला चाक नेऊ नकोस. वरून घट्ट दिसणारी कड वितळलेल्या पाण्यानं आतून पोकळ झालेली असते. आणि काहीही झालं तरी रांग मोडून पुढं जायचं नाही. एका गाडीनं दुसरी रांग केली की समोरच्यांना वाट राहत नाही आणि हजार माणसं दिवसभर अडकतात.

पुढच्या गाडीच्या मागं चिकटून राहू नकोस. ती घसरत मागं आली तर तुला जागा हवी. नाला आला की आधी थांब, पुढची गाडी कुठून गेली ते बघ. पहिल्या गिअरमध्ये एकसारख्या वेगानं पार कर, मध्ये क्लच दाबू नकोस, गिअर बदलू नकोस. पलीकडं गेल्यावर ब्रेक दोन-तीन वेळा हलकेच दाबून वाळवून घे.

७. थांबायचं नाही, अशा जागा

झोजिलाच्या काश्मीरकडच्या चढावर फोटोसाठी थांबायचं नाही. खाली बालटालचं खोरं कितीही सुंदर दिसलं तरी नाही. जिथं रस्त्यावर ताजे बारीक खडे पडलेले दिसतील तिथंही नाही. वरून मोठं काही सुटण्याआधी बहुतेकदा बारीक येतं. बर्फाचा पट्टा डोंगरावरून सरळ रस्त्यापर्यंत आलेला दिसेल, तर ती हिमकड्याची वाट आहे, तिच्याखाली थांबायचं नाही. नाल्याच्या पात्रात, आंधळ्या वळणावर, पुलावर नाही. द्रास-कारगिलच्या मधे आणि खालत्सेच्या घळीत जिथं कडा डोक्यावर लोंबतो, तिथंही नाही. छोट्याला लघवीला लागली तरी दोन वळणं पुढं मोकळी जागा मिळेपर्यंत दम धरायचा.

थांबायला चांगल्या जागा म्हणजे खिंड ओलांडल्यावरची गुमरीची सपाटी, मीनामर्गचा नाका (तिथं कागद दाखवावे लागतात, ते हाताशी ठेव), द्रास, कारगिल, मुलबेख, फोटूलाचा माथा, लामायुरू, खालत्से आणि निम्मू.

८. गुमरीला आणि द्रासला थांबून छोट्याला सांग

गुमरीला उतरलात की छोट्याला सांग, इथं १ नोव्हेंबर १९४८ रोजी आपले रणगाडे चढले होते. जनरल थिमय्यांनी सातव्या घोडदळाचे स्टुअर्ट रणगाडे, वरचे बुरूज काढून, लपवत बालटालपर्यंत आणले. तिथून वरची खेचरांची पायवाट मद्रास सॅपर्सनी रणगाड्यांसाठी रुंद केली. एवढ्या उंचीवर रणगाडे येतील असं शत्रूच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्याच महिन्यात द्रास आणि कारगिल हाती आलं आणि लेहची वाट मोकळी झाली. तू ज्या रस्त्यानं गाडी आणलीस, तो मुळात असा मिळालाय.

द्रासच्या पुढं रस्त्यालगत, तोलोलिंगच्या पायथ्याशी, कारगिलचं युद्धस्मारक आहे. तिथं घाई करू नका. स्मारकासमोर उभं राहून आधी वर बघ, मग मागं वळून रस्त्याकडं बघ. १९९९ साली शत्रू नेमका त्या माथ्यांवर येऊन बसला होता, कारण तिथून हा रस्ता हातात दिसतो. लडाखची नस दाबायची होती. त्या दिवसांत गाड्या रात्री दिवे विझवून चालत. १३ जूनला तोलोलिंग परत घेतलं तेव्हा या रस्त्याच्या जिवात जीव आला. स्मारकाच्या भिंतीवर नावं आहेत, ती छोट्याला वाचायला लाव. आपल्या महाराष्ट्रातली माणसंही त्या लढाईत होती. आवाज न करता वाचा, आणि तिथं उभ्या असलेल्या जवानाला ‘राम राम’ घाला.

९. माणसांशी कसं वागायचं

या एका रस्त्यावर मुलूख तीनदा बदलतो. सोनमर्गपर्यंत काश्मिरी. द्रासला शिना बोलणारी माणसं. कारगिलला बहुतेक शिया मुसलमान. मुलबेखपासून बौद्ध गावं सुरू होतात. मुलबेखला रस्त्याला लागूनच उभ्या कातळात कोरलेला मोठा मैत्रेय बुद्ध आहे, तिथं जरूर थांबा. कारगिलपर्यंत ‘सलाम’ करायचा, पुढं ‘जुले’ म्हणायचं. मोहरमच्या दिवसांत कारगिलमधून जात असशील तर गाडीत गाणी लावू नकोस, कपडे साधे ठेव, मिरवणूक असेल तर हॉर्न न देता थांब. बायाबापड्यांचे, शाळेतल्या मुलींचे फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत.

ढाब्यावर गरम तेच खायचं: डाळ-भात, राजमा, चहा. लडाखकडं खंबीर नावाची जाड रोटी मिळते आणि थुक्पा, दोन्ही पोटाला चांगली. घरून निघताना मेतकूट आणि भाजक्या पोह्यांचा चिवडा घे. रस्ता अडला तर ते उपयोगी पडतं, आणि शेजारच्या गाडीतल्या मुलांनाही देता येतं. कारगिलच्या बाजारात वाळवलेले जर्दाळू घे, भाव फार करू नकोस. कचरा आपल्याच गाडीत परत आणायचा. त्या थंड कोरड्या हवेत टाकलेली वस्तू कुजत नाही, वर्षानुवर्षं तशीच पडून राहते.

रस्त्यावर लाल-हिरवे झेंडे घेऊन, तोंडाला फडकी बांधून काम करणारे मजूर दिसतील. त्यातले कितीतरी झारखंड-बिहारकडचे आहेत. मैदानातली माणसं, तिथल्या थंडीत डांबर उकळतात. त्यांच्याजवळून जाताना गाडी इतकी हळू ने की धूळ उडू नये. लष्कराचा ताफा आला की बाजूला थांब आणि मध्ये घुसू नकोस. शेवटची गाडी गेली याची खात्री करून मगच निघ.

१०. उंचीचा त्रास ओळख

आक्कांना रक्तदाबाच्या गोळ्या आहेत. निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना भेट, कुठं आणि किती उंचीवर जायचंय ते स्पष्ट सांग. उंचीच्या त्रासावर डायमॉक्स नावाची गोळी असते, ती डॉक्टरांना विचारूनच घ्यायची. सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगायचं. रोजची औषधं दोन पिशव्यांत वाटून ठेव, एक गाडीत आणि एक अंगाशी.

डोकं दुखणं, मळमळ, भूक मरणं, झोप न लागणं ही पहिली लक्षणं. एवढ्यानं घाबरायचं नाही, पण त्रास पूर्ण थांबेपर्यंत आणखी वर जायचं नाही. पाणी थोडं थोडं पीत राहायचं, दारू आणि झोपेच्या गोळ्या वर्ज्य. स्वस्थ बसलेलं असतानाही धाप लागत असेल, खोकल्यातून फेस येत असेल, चालताना तोल जात असेल किंवा बोलणं असंबद्ध वाटत असेल, तर सकाळची वाट बघायची नाही. लगेच खाली किंवा जवळच्या दवाखान्यात. वाटेत लष्कराचं ठाणं दिसलं तर निःसंकोच जाऊन मदत माग, ते माणूस बघतात, गणवेश नाही. लेहला सोनम नोरबू रुग्णालय आहे, तिथल्या डॉक्टरांचा हात या दुखण्यावर बसलेला आहे. डब्यातला प्राणवायू थोडाच वेळ पुरतो. त्याच्या भरवशावर वर जाऊ नका.

लहान मूल नीट सांगू शकत नाही. छोट्या नेहमीसारखा खेळत नसेल, खात नसेल, सारखा किरकिर करत असेल, तर तो उंचीचाच त्रास आहे असं धरून चाल. आक्का तर बोलणारच नाहीत. तुमची सहल मोडू नये म्हणून त्या दुखणं गिळतील, मी त्यांना लहानपणापासून ओळखतो. म्हणून त्यांना ‘बरं वाटतंय का’ असं विचारू नकोस. रात्री झोप लागली का, सकाळी किती खाल्लं, हे विचार, म्हणजे खरं कळेल.

लेहला पोचल्यावर दोन दिवस काही नाही. अंघोळीचीही घाई नको. खारदुंगला, पँगाँग त्यानंतर.

११. परतताना जास्त जपून

परतीचा रस्ता ओळखीचा वाटतो आणि घर डोळ्यांपुढं दिसायला लागतं. म्हणून परतीला अधिक सावध राहा. जाताना जी झोजिला चढलीस, ती आता उतरायची आहे, आणि काश्मीरच्या अंगाचा तो उतार तीव्र आहे. गुमरीला पंधरा मिनिटं थांबून ब्रेक थंड होऊ दे. ज्या गिअरमध्ये चढली असतीस, त्याच गिअरमध्ये उतर, इंजिनच गाडी धरून ठेवील. ब्रेकवर सतत पाय ठेवलास तर ते तापतात आणि ऐन वळणावर लागत नाहीत. न्यूट्रलमध्ये गाडी कधीही सोडायची नाही. वर येणाऱ्याला वाट द्यायची. सोनमर्गला पोचेपर्यंत दिवस मावळला तर तिथंच मुक्काम कर. श्रीनगर दोन-अडीच तासांवर आहे म्हणून रात्री निघू नकोस.

एक शेवटचं. झोजिलाचा बोगदा पुरा होईल तेव्हा मी वर सांगितलेलं निम्मं जुनं होईल. हिमकड्यात गाडलेली माणसं आम्ही पाहिली आहेत, म्हणून तो बोगदा लवकर व्हावा असं मनापासून वाटतं. लडाखच्या आजारी बाईला ऐन जानेवारीत श्रीनगरच्या दवाखान्यात नेता येईल, याहून मोठं काय? पण त्या दिवसापासून लोक श्रीनगरला नाश्ता करून रात्री लेहला झोपायला जातील. बोगदा डोंगराची अडचण काढून टाकील, माणसाच्या फुप्फुसाची नाही. आजवर खिंड लोकांना बळजबरीनं थांबवत होती. ती थांबवायची बंद झाली की प्रत्येकाला आपण होऊन थांबावं लागेल. म्हणून छोट्या गाडी चालवायला लागला की त्याला चढ-उताराचं नंतर शिकव. सोनमर्ग, कारगिल, आलची हे मुक्काम त्याच्याकडून आधी पाठ करून घे.